अक्कांची मोरपंखी गाडी

अक्कांनी भाडेकरू म्हणून माझी मुलाखत घेतली ती त्यांच्या गाडीत बसून. गाडी चालू नव्हती. बंगळुरात, बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये ती उभी होती, तिची किल्लीसुद्धा घरात नव्हती, आणि अक्का ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टीलच्या पेल्यातून कॉफी पीत होत्या. मी फाटकातून आत आलो तसं त्यांनी बाजूचं दार उघडलं आणि "बस" म्हणाल्या. मला वाटलं, कुठेतरी जायचंय. मी सवयीनं पट्टा लावला. त्यामुळे त्यांचं माझ्याबद्दल पहिलं बरं मत झालं, असं पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं.

गाव कुठलं, काम काय, हातानं रांधतोस की बाहेर जेवतोस, एवढं विचारून झाल्यावर त्यांनी मला एक बूट काढायला लावला. तो उलटा करून तळ पाहिला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि परत दिला. "सरी, ठीक आहे. वरची खोली तुझी," म्हणाल्या. बुटात काय पाहिलं असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "साडी उलटी करून बघायची. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते. माणसाचं पण तेच की." मी पुण्याचा. आम्हाला कुणी तपासलेलं खपत नाही. तपासणी करायची ती आम्ही. पण खोली हवेशीर होती, गांधी बझार चालत जाण्याइतका जवळ होता आणि घरमालकीण मराठी बोलत होती. मी मुकाट्यानं बूट घातला.

त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मी मनातल्या मनात दुरुस्त्या करायचो. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं घराणं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. "स्वल्प थांब" म्हणजे जरा थांब आणि "सुम्ने बस" म्हणजे उगाच बडबडू नकोस, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो, कारण ते मला फार वेळा ऐकावं लागलं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांच्याहून वयानं मोठी असलेली समोरची आजीसुद्धा.

चिकपेटमध्ये त्यांचं साड्यांचं ठोक दुकान होतं. नवरा लवकर गेल्यावर ते त्यांनी एकटीनं चालवलं आणि अगदी अलीकडे बंद केलं. गठ्ठे आणायला-पोचवायला म्हणून त्या गाडी चालवायला शिकल्या. त्यांनी चालवलेल्या गाड्यांमधली ही पांढरी शेवटची. चिकपेटच्या गल्ल्यांमध्ये जिथे माणसानं अंग चोरून चालायचं, तिथे अक्का गाडी घालायच्या आणि काढायच्याही. ही गोष्ट त्या अजिबात फुशारकी न मारता सांगायच्या, त्यामुळे ती जास्तच फुशारकीची वाटायची.

मग एके दिवशी फाटकातून आत येताना गाडी खांबाला घासली. दाराच्या पत्र्यावर एक लांब ओरखडा आणि खांबाचं थोडं प्लॅस्टर गेलं, एवढंच. पण त्यांचा मुलगा एचएसआर लेआउटहून तडक आला, ओरखडा पाहिला आणि किल्ली खिशात घालून गेला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आईवर त्याचा जीव होता, आणि जीव असणारी माणसंच असले उद्योग करतात. आईचे डोळे चांगले होते, लायसनची मुदत शिल्लक होती. पण त्याचं म्हणणं एकच, की वयानं रिफ्लेक्सेस कमी होतात. दर रविवारी तो बाईकवरून यायचा, गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून आईला शेजारी बसवून एक फेरी मारायचा आणि किल्ली घेऊन परत जायचा. उरलेले सगळे दिवस अक्का बंद गाडीत बसायच्या. पेपर तिथे, कॉफी तिथे, फोन तिथे, भाडेकरूंच्या मुलाखती तिथे. एकदा मी त्यांना तिथेच शेंगा सोलताना पाहिलं. सालं शेजारच्या सीटवर, दाणे मांडीवर, आणि नजर समोर रस्त्यावर असावी तशी.

रिमोटच्या गाडीचं खूळ आलं ते मुलामुळेच. त्याच्या ऑफिसातली मंडळी सुट्टीच्या दिवशी सर्जापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर रिमोटच्या गाड्यांची रॅली भरवायची. मातीचा रस्ता, खड्डे, उंचवटे, आणि खऱ्याच्या एक दशांश आकाराच्या गाड्या. एका रविवारी त्यानं फोनवर आईला त्याचा व्हिडिओ दाखवला. अक्का म्हणाल्या, हा पोरखेळ मला पण जमेल. मुलगा हसला आणि म्हणाला, "आई, याला रिफ्लेक्सेस लागतात." मग, अक्का गप्प झालेल्या बघून, वर पुस्ती जोडली, "तू स्वतः भाग निवडून गाडी बनव. ती आमच्या ट्रॅकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ने. मध्ये कुणाचा हात लागता कामा नये. जमलं तर किल्ली तुझी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण अक्कांनी तिथल्या तिथे त्याचा हात पकडून पदराखाली घेतला आणि बोटं दाबली. चिकपेटच्या जुन्या पेढ्यांवर भाव असाच ठरायचा. फडक्याखाली बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्या व्यापाऱ्याला कळत नाही. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून त्या घरात पदराखाली ठरलेलं कधी मोडलं नव्हतं. मुलाचा चेहरा पडला. त्याला पण हे माहीत होतं, तो त्याच गादीवर लहानाचा मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडीत बोलावणं आलं. मला इंजिनियर म्हणून बोलावलं असेल अशी माझी समजूत. "तुला बाइक आहे आणि एसपी रोड लांब आहे," एवढंच कारण निघालं.

मी मात्र जोमानं कामाला लागलो. इंटरनेटवर जगभरच्या शौकिनांनी लिहिलेलं वाचून काढलं, ऑफिसच्या वेळात तुलना केल्या, कोणती गाडी किती वेगानं पळते ते तोंडपाठ केलं आणि परदेशी बनावटीचा एक देखणा सांगाडा पक्का करून टाकला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अक्कांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पहिल्या खेपेला माल उचलायचा नाही, नुसता बघायचा.

एसपी रोडवर वायरी, पंखे आणि मोबाइलच्या सुट्या भागांच्या गर्दीत, एका अरुंद जिन्यावर, रिमोटच्या गाड्यांचं दुकान होतं. दुकानदार पोरगेलासा होता, पण अक्कांनी त्याला अण्णा म्हणून हाक मारली, म्हणजे आता मान राखून भांडायला मोकळीक. त्यानं काचेच्या कपाटातून चकचकीत गाड्या काढायला सुरुवात केली. अक्का म्हणाल्या, ह्या राहू दे, दुरुस्तीला आलेल्या दाखव. तो गोंधळला. मी पण ओशाळलो. असं कुणी मागतं का? शेवटी त्यानं काउंटरखालून एक खोकं ओढलं. त्यात मोडलेल्या गाड्यांचा खच होता. अक्कांनी एकेक गाडी उलटी करून पोटाकडून पाहिली. बहुतेकींचे पुढच्या चाकांना धरणारे हात मोडले होते. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं, जिथे सुट्या भागांची पाकिटं लटकत होती, आणि विचारलं, यातल्या कुठल्या गाडीचे हात तुझ्याकडे आज आहेत? एकाच गाडीचे होते. साधी, देशभर मिळणारी, दिसायला यथातथा. माझ्या देखण्या परदेशी गाडीचा एक स्क्रूसुद्धा त्या भिंतीवर नव्हता. खरेदी न करता आम्ही परत आलो आणि पुढच्या खेपेला तीच साधी गाडी घेऊन आलो. मला वाईट वाटलं, पण वाद घालायला जागा नव्हती.

मोटरच्या बाबतीत मी माघार घेतली नाही. गाडी साधी तर साधी, निदान मोटर तरी जोरदार हवी, म्हणून मी हट्टानं सगळ्यात वेगवान मोटर बसवून घेतली. बॅटरी, रिमोट वगैरे बाकीचं अण्णाकडून तात्पुरतं उसनं आणून पहिली चाचणी घराच्या दारात झाली. मी रिमोटचा पिस्तुलासारखा घोडा ओढला. चाकं जागच्या जागी गरगरली, मग एकदम पकड मिळाली, आणि गाडी मला वळायची संधी न देता फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. तोच खांब. प्लॅस्टर निघालेल्या जागेच्या जरा खाली. पुढचा हात मोडला. अक्का गाडीतून उतरल्या, खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता तुझी किल्ली कुणी काढून घ्यायची?"

वेगवान मोटर परत गेली आणि सावकाश, ताकदीची मोटर आली. मोडलेल्या हाताच्या जागी नवा हात मात्र दुकानाच्या त्याच भिंतीवरून मिळाला.

त्या प्रत्येक बाबतीत बरोबर असायच्या असं मुळीच नाही, आणि हे सांगताना मला आनंद होतोय. बॅटरी त्यांनी अस्सल रेशमासारखी निवडली. म्हणजे दोन्ही हातांत दोन बॅटऱ्या घेऊन, डोळे मिटून, जी जड ती घेतली. रेशमात आणि जरीत वजन कधी खोटं बोलत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. मी म्हटलं, अक्का, गाडीतली जागा मोजून घेऊ या. मला सुम्ने बसायला सांगण्यात आलं. घरी आल्यावर ती बॅटरी आपल्या खाचेत मावेना, अर्धी बाहेर. अक्कांनी ती आडवी घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली, आणि शेवटी एका साडीची घडी नीट बसत नसल्यासारखा चेहरा करून खाली ठेवली. परत करायला त्या तयार होईनात. आपल्या हातानं निवडलेला माल परत करणं चिकपेटमध्ये लाजिरवाणं समजतात. मग मी गुपचूप जाऊन मापाची बॅटरी आणली. जड बॅटरीचा उपयोग त्यांनी पेपर उडू नये म्हणून सुरू केला, आणि असली बॅटरी पेट घेऊ शकते, तिच्याशी असं वागायचं नसतं हे सांगता सांगता मी दमलो. शेवटी मीच ती उचलून वाळू भरलेल्या कुंडीत ठेवून दिली.

रिमोट निवडायला गेलो तो दिवस मला विसरता येत नाही. या गाड्यांच्या रिमोटला पिस्तुलासारखी मूठ असते. तिचा घोडा ओढला की गाडी पळते आणि बाजूच्या छोट्या चाकानं ती वळते. अक्कांनी एकेक रिमोट हातात धरून बघायला सुरुवात केली, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या हाताचं थरथरणं दिसलं. फार नाही. कॉफीच्या पेल्यात दिसणार नाही एवढंच. पण ते छोटं चाक त्यांच्या बोटांखाली बारीकसं हलत होतं. दुकानदारालाही दिसलं असावं. त्यानं चांगुलपणानं सांगितलं की या रिमोटमध्ये एक सोय आहे, चाक थोडंफार हललं तरी गाडी ते मनावर घेत नाही. मी म्हटलं, हे उत्तम. अक्का म्हणाल्या, ती सोय बंद करून दे.

परत आल्यावर त्या घरात गेल्या नाहीत. पोर्चमधल्या गाडीत बसल्या आणि मला बाजूला बसवलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाल्या, "खांब मला दिसला होता रे. दिसला आणि तरी हात उशिरा वळला. हे मी त्याला सांगितलं नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी मानेनंच थांबवलं. "तो बरोबर असेल तर मला कळायला पाहिजे. पण त्याच्या तोंडून नको. माझ्या हातानं कळू दे. म्हणून ती सोय नको. स्वल्प समजून घे."

तोपर्यंत मला हा सगळा एका हट्टी बाईचा मजेशीर उद्योग वाटत होता. त्या दिवसापासून ती गाडी शेवटपर्यंत जावी असं मला इतकं वाटायला लागलं, की तेवढं माझ्या स्वतःच्या नोकरीतल्या बढतीबद्दलही कधी वाटलं नव्हतं. ऑफिसात बसून मी गाडीची स्वप्नं बघायचो.

मग उरलेली निवड आम्ही दोघांनी मिळून केली. गाडीची पुढची चाकं वळवायला एक छोटी वेगळी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. माझ्या वाचनात वेगानं वळणारा सर्व्हो चांगला. अक्कांनी दुकानात सर्व्होची फिरणारी दांडी चिमटीत घट्ट धरली आणि अण्णाला म्हणाल्या, चालू कर. जो चिमटीत थांबला तो नापास. एक मात्र त्यांच्या बोटांना न जुमानता फिरला. "माझ्या पहिल्या गाडीचं स्टिअरिंग असलं जड होतं, आणि मागे साड्यांचे गठ्ठे," त्या म्हणाल्या. "हळू वळलं तर चालतं. वळायचं सोडून दिलं तर चालत नाही." मी वाद घातला नाही, त्यांच्या बोटांवर दांडीचा लाल वळ उठला होता.

माझ्या हुशारीचीही एक जागा आहे. रिमोटचे हुकूम ऐकणारी जी डबी गाडीत असते, तिला पाणी लागलं की ती बहिरी होते. तर ती फुग्यात घालून तोंड बांधून टाकायचं, असं मी वाचलं होतं. अक्कांनी मला वेड्यात काढलं, पण गांधी बझारमधून वाढदिवसाचे फुगे आणले, आणि आमच्या गाडीच्या पोटात एक गुलाबी फुगा बसला. तिच्या टपाचं, म्हणजे वरच्या कवचाचं, तर विचारूच नका. हा टप पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो आणि तो रंगवतात आतून, म्हणजे ओरखडे पडले तरी रंग जात नाही. हे कळलं तेव्हा अक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अख्खं आयुष्य त्या उलटी बाजू बघा म्हणून सांगत आल्या, आणि इथे सगळं सौंदर्यच उलट्या बाजूला होतं. त्यांनी आधी डाळिंबी काठ काढले, मग वर मोरपंखी रंग भरला, आणि वाळल्यावर टप सुलटा केला तेव्हा आमची रॅलीची गाडी लग्नाला निघालेल्या कांजीवरमसारखी दिसत होती.

सराव घरासमोरच्या गल्लीत सकाळी व्हायचा. गाडी आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिक्यांची तिथेच फजिती होते. माझी व्हायची. अक्कांची एकदाही झाली नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला पदर कुठल्या खांद्यावर येईल हे गादीवर बसून दाखवण्यात त्यांचा जन्म गेला होता. समोरच्याचा उजवा म्हणजे आपला डावा, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. त्यांची अडचण वेगळीच होती. त्या रिमोटची गाडी खऱ्या गाडीसारखी चालवायच्या. वळणावर वेग कमी करायच्या, कुत्रं आडवं आलं तर थांबून त्याला जाऊ द्यायच्या, आणि आंधळ्या वळणाला तोंडानं "पीं पीं" असा हॉर्न द्यायच्या. गल्लीतले लोक पेपर आणायला म्हणून बाहेर यायचे आणि उभे राहायचे. थरथर होती तशीच होती. गाडीची पुढची चाकं सरळ रस्त्यावरसुद्धा बारीक थरथरायची. पण त्या थरथरीसकट गाडी जिथे जायची तिथे जायची.

ठरलेल्या रविवारी मुलगा नेहमीसारखा आला. त्या दिवशीची फेरी सर्जापूर रोडपर्यंत होती. पांढरी गाडी त्यानं चालवली, अक्का शेजारी, आणि मी मागे मोरपंखी गाडी मांडीवर घेऊन.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पत्र्यांनी वेढलेल्या त्या प्लॉटवर लाल चिखल, मधे एक मोठं डबकं, बांबू रोवून आखलेला रस्ता आणि शेवटी एक कमालीचं तीव्र वळण, ज्याला खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि चालकानं तिच्यामागे चालत जायचं, असा इथला नियम. तरुण पोरं-पोरी आपापल्या गाड्या घेऊन जमली होती. अक्का सुती साडी खोचून, पायात माझ्याकडून मागवून घेतलेले खेळाचे बूट घालून उभ्या राहिल्या तेव्हा काहींनी फोन काढले. मुलानं सगळ्यांना आधीच बजावलं होतं, गाडी उलटली तरी हात लावायचा नाही. आणि तो स्वतः शेवटच्या रेषेवर जाऊन उभा राहिला.

अक्कांनी गाडी सोडली. अगदी सावकाश. आधी धावलेल्या गाड्या चिखल उडवत गेल्या होत्या, त्यातल्या दोन-तीन उलटल्याही होत्या. आमची गाडी चिकपेटच्या गल्लीत शिरल्यासारखी, जागा बघत बघत चालली. उंचवटा चढली. डबक्यापाशी अक्का थांबल्या, माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी मान हलवली तशी गाडी पाण्यात घातली. पाणी टपाच्या खिडकीपर्यंत आलं. फुग्यानं लाज राखली. गाडी पलीकडे निघाली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. वळण आलं की हॉर्न चालू होता.

शेवटच्या वळणावर तिचं मागचं चाक चाकोरीत उतरलं. गाडी कलली, क्षणभर तशीच थबकली आणि एका कुशीवर आडवी झाली. दोन चाकं हवेत, दोन चिखलात. शेवटची रेषा समोर दिसत होती.

मी जवळच होतो. हात पुढे केलाच होता. दोन पोरंही धावली, सवयच तशी. तेवढ्यात रेषेवरून मुलगा जोरात ओरडला, "मागे व्हा! कुणी हात लावू नका!" त्याचा आवाज फाटला होता. त्याला ती गाडी पडलेली बघवत नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

अक्कांनी घोडा सोडून दिला. नुसतं छोटं चाक फिरवायला लागल्या, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, परत डावीकडे. चिखलात रुतलेलं पुढचं चाक चाकोरीच्या भिंतीला रेटा द्यायचं, गाडी थोडी उचलली जायची आणि परत पडायची. सर्व्हो कण्हत होता, पण फिरायचा थांबत नव्हता. अक्कांचा हात आता उघड उघड थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. एका रेट्याला गाडी जास्त उचलली गेली, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या बोटानं घोड्याला इवलासा झटका दिला. चाकानं माती पकडली आणि गाडी धप्पकन चारी चाकांवर आली.

मी ओरडलो, काय ते मला आठवत नाही. सगळेच ओरडले. अक्का मात्र गाडी चालवत होत्या. शेवटचा तुकडा त्यांनी पहिल्या तुकड्यासारखाच पार केला, वेग न वाढवता, आणि गाडी मुलाच्या दोन पायांच्या मधोमध नेऊन उभी केली. एका बोटाच्याही अंतरानं इकडे-तिकडे नाही.

मग त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला, दोन्ही हात साडीला पुसले आणि मुलापुढे एक हात पसरला. त्यानं किल्ली काढून हातावर ठेवली आणि आईला मिठी मारली, चिखलासकट. त्याच्या खांद्यावरून अक्का मला म्हणाल्या, "हळू झालेत रे हात. झालेत. पण येतात वेळेवर." एवढं आनंदी माणूस मी बंगळुरात दुसरं पाहिलेलं नाही.

पुढचं तिथेच ठरलं, आणि ठरवलं अक्कांनीच. दर महिन्याला इथे येऊन एकदा गाडी चालवायची. ज्या दिवशी ती शेवटपर्यंत जाणार नाही, त्या दिवशी किल्ली आपण होऊन देईन. मुलगा नुसता मान डोलावत राहिला.

परतताना अक्का ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मुलगा शेजारी, दोन्ही हातांनी पट्टा धरून. रिंग रोडला लागलो तरी त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मला मागून सगळं दिसत होतं. अक्का संथपणे रस्ता काढत होत्या. बसला जागा दिली, उलट्या बाजूनं आलेल्या स्कूटरवाल्याला कन्नडमध्ये त्याच्या लायकीचं ऐकवलं. बीटीएम लेआउटपाशी गर्दी तुंबली. गाडी पुढे सरकायची, थांबायची, सरकायची. मुलाचा पाय कधी थांबला ते मला कळलं नाही. बघतो तर त्याची मान खिडकीच्या काचेला टेकली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. गाढ झोपला होता.

अक्कांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला. बसवनगुडीत शिरलो, आमची गल्ली आली, घर आलं. समोरच्या आजी फाटकाशी उभ्या होत्या. मी सामान गोळा करायला लागलो, पण गाडीचा वेग कमी होईना. अक्का आपल्या घरावरून सरळ पुढे गेल्या, टोकाला वळल्या आणि मुलाची झोप मोडू नये म्हणून गांधी बझारला अजून एक फेरी मारायला निघाल्या.